तीन मूर्ती कोणाच्या?



दिल्लीत राष्ट्रपती भवनाच्या दक्षिणेस एक चौक आहे. मध्यभागी पांढऱ्या दगडाचा उंच स्तंभ आणि त्याच्या तीन बाजूंना सैनिकी वेषातील तीन कांस्यमूर्ती. शिल्पकार लिओनार्ड जेनिंग्ज यांचे हे शिल्प १९२२ साली उभे राहिले. समोरचा भव्य प्रासाद त्यानंतर, १९३० साली, ब्रिटिश सरसेनापतीच्या निवासासाठी बांधून झाला. स्वातंत्र्यानंतर तेथे पंडित नेहरू राहावयास आले आणि ‘तीन मूर्ती भवन’ हे नाव देशभर दुमदुमले. मूर्तींनी वास्तूला नाव दिले. पण वास्तूच्या प्रसिद्धीत मूर्तींचाच परिचय हरवला. या मूर्ती कोणाच्या, असा प्रश्न पिढ्यानपिढ्या कोणी फारसा विचारलाच नाही.

या तीन मूर्ती जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या संस्थानांच्या घोडदळांच्या प्रतीक आहेत. पहिले महायुद्ध सुरू होताच या संस्थानी पथकांची मिळून पंधरावी इंपीरियल सर्व्हिस घोडदळ ब्रिगेड उभी राहिली. सुएझ कालव्याच्या रक्षणापासून सिनाईच्या वाळवंटातून पॅलेस्टाइन व सीरियापर्यंत चार वर्षे हे घोडेस्वार लढत राहिले. त्या मोहिमेत ज्यांनी देह ठेवला, त्यांचे हे स्मारक आहे.

या मोहिमेचा मुकुटमणी म्हणजे २३ सप्टेंबर १९१८ चा हैफाचा रणसंग्राम. हैफा हे भूमध्य समुद्रावरील मोक्याचे बंदर. चार शतके ते उस्मानी तुर्कांच्या सत्तेखाली होते. एका बाजूस कार्मेल पर्वताचा चढ, दुसऱ्या बाजूस किशोन नदीचा दलदलीचा काठ आणि मधल्या चिंचोळ्या वाटेवर रोखलेल्या तोफा व मशीनगन. हैदराबादच्या पथकावर त्या वेळी युद्धकैद्यांना नेण्याची कामगिरी होती. म्हणून चढाईचा भार जोधपूर व म्हैसूरच्या वीरांवर आला. म्हैसूरचे स्वार कार्मेलच्या उतारावरील तोफांवर चालून गेले. जोधपूरच्या स्वारांनी भाले सरसावून समोरून धडक दिली. नदीकाठच्या रुतणाऱ्या वाळूने वाट अडवली, तेव्हा गोळ्यांच्या वर्षावात त्यांनी घोडे वळवले, डोंगराच्या बाजूची मशीनगनची ठाणी काबीज केली आणि ते शहरात घुसले. त्यांचे नेते मेजर दलपतसिंह शेखावत यांना या चढाईत वीरमरण आले. कॅप्टन अमानसिंह यांनी नेतृत्व हाती घेतले आणि सायंकाळपूर्वी हैफा पडले. १,३५० युद्धकैदी, १७ तोफा आणि ११ मशीनगन हाती आल्या. आठ वीर धारातीर्थी पडले, ३४ घायाळ झाले. साठ घोड्यांनीही तेथेच प्राण सोडले. आधुनिक शस्त्रांपुढे भाल्यांनी मिळवलेला असा विजय युद्धेतिहासात दुर्मीळ आहे.

येथे एक शंका हमखास घेतली जाते. हे सैनिक परक्या साम्राज्यासाठी लढले, मग स्वतंत्र भारताने त्यांचे स्मरण का करावे? शंका प्रामाणिक आहे आणि तिला बगल देणे योग्य नाही. युद्ध पुकारण्याचा निर्णय त्यांचा नव्हता, हे खरेच. ज्या साम्राज्याच्या विजयासाठी त्यांनी रक्त सांडले, त्याच साम्राज्याने सात महिन्यांच्या आत जालियनवाला बागेत निःशस्त्र भारतीयांवर गोळ्या झाडल्या, हेही खरे. परंतु निर्णय परक्यांचा असला, तरी शौर्य भारतीयांचे होते. इंग्रजांनी त्या शौर्याचा वापर केला म्हणून ते त्यांच्या मालकीचे होत नाही. स्तंभ जेत्यांनी उभारला. त्यामागील कथा सांगण्याचे कर्तव्य मात्र आपल्या समाजाचे होते आणि त्यात तो उणा पडला.

सैन्याने मात्र हा वारसा जपला. १९५३ साली संस्थानी घोडदळांतून उभी राहिलेली ६१ वी कॅव्हलरी दरवर्षी २३ सप्टेंबरला हैफा दिन पाळते. ६ जुलै २०१७ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी हैफा येथील भारतीय सैनिकांच्या समाधिस्थळी श्रद्धांजली वाहिली. १४ जानेवारी २०१८ रोजी इस्रायलचे पंतप्रधान बेंजामिन नेतान्याहू यांच्या उपस्थितीत दिल्लीतील या चौकाला ‘तीन मूर्ती हैफा चौक’ हे नाव मिळाले. मुक्या मूर्तींना जणू शंभर वर्षांनी वाचा फुटली!

पण केवळ दिल्लीकडे पाहून चालणार नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले. तेथेही स्मारक आहे. महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत त्या युद्धावर गेलेल्यांची संख्या कोरलेल्या शिळा आढळतात. काही चावडीच्या भिंतीत आहेत, काहींवर रंगाचे थर चढले आहेत. बहुतेकींवर केवळ आकडा आहे, नावे नाहीत. ती नावे गावातील वृद्धांच्या स्मरणात, घराघरांतील जुन्या पदकांत आणि कागदांत शोधता येतील. ती शोधून, शिळा स्वच्छ करून, वर्षातून एकदा शाळेतील मुलांना तेथे नेणे यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

स्मारक उभारायला दगड पुरतो. ते जिवंत ठेवायला मात्र ‘हे कोण होते?’ असे विचारणारे मूल आणि त्याला उत्तर देणारा वडीलधारा लागतो. असा वडीलधारा प्रत्येक गावात उभा राहो, हीच त्या वीरांना खरी श्रद्धांजली!