पाहुणे नव्हे, वाटेकरी

(शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय : कला, गोष्टी आणि एकत्र येणं. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, शाहीर नाही आणि लेखकही नाही. म्हणून आपल्या दोन तालुक्यांतलीच उदाहरणं घेतो आणि शेवटी एक काम सांगतो.

‘सगळ्यांना सामावून घ्या’ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? ईद मिलन. एक हॉल, शीरखुर्मा, व्यासपीठावर चार धर्मांची चार माणसं आणि फोटो. हे वाईट नाही, शीरखुर्मा मलाही आवडतो. पण तिथं आपण यजमान आणि बाकीचे पाहुणे. गणेशोत्सवात ते यजमान आणि आपण पाहुणे. पाहुण्याला मान मिळतो, पुढची खुर्ची मिळते. पण तो आला नाही तरी कुणाचं काही अडत नाही. ज्याच्यावाचून अडतं, तो वाटेकरी. आपण गावात पाहुणे आहोत की वाटेकरी, एवढाच माझा प्रश्न आहे.

शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई घ्या. १ मार्च १९४७ ला या गावात बशीर कमरुद्दीन मोमीन यांचा जन्म झाला. महाराष्ट्र त्यांना बी. के. मोमीन कवठेकर या नावानं ओळखतो. जवळपास पन्नास वर्षं त्यांनी तमाशाच्या फडांसाठी लिहिलं. दत्ता महाडिक पुणेकरांसारख्या नामवंतांच्या फडात त्यांची गाणी गाजली. हुंडा, दारू, एड्स या विषयांवरही त्यांनी लोकांना समजेल अशा भाषेत लिहिलं. तमाशा कलावंतांच्या आयुष्यावर लिहिलं. राज्य सरकारनं त्यांना २०१८ सालचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार दिला. १२ नोव्हेंबर २०२१ ला ते गेले.

आता तमाशाची रचना आठवा. आधी गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गवळण : बाजाराला निघालेल्या गौळणी, मावशी आणि वाट अडवणारा कृष्ण. त्यानंतर वग, म्हणजे गोष्ट. हे सगळं एका मोमीन घरातला माणूस लिहीत होता. मोमीन म्हणजे आपली विणकरांची जमात. यात सलोख्याचा देखावा नव्हता. फडमालकाला सलोख्याचं प्रतीक परवडत नाही. त्याला उद्याच्या जत्रेत पब्लिक धरून ठेवील असं गाणं लागतं. गाणं पडलं तर तिकीट पडतं आणि पोटावर येतं. तरीही फडमालक कवठ्याची वाट धरत, कारण गाणं चालायचं. मोमीन कवठेकर त्या रंगभूमीचे पाहुणे नव्हते, त्यांच्यावाचून अडत होतं. नावातच बघा, मोमीनही आहे आणि कवठेकरही. एकासाठी दुसरं खोडावं लागलं नाही.

इथं तुमच्यातला कुणी विचारेल, ‘भाई, गण लिहिणं आपल्याला चालतं का?’ प्रश्न प्रामाणिक आहे, विचारणाऱ्याला हसू नका. उत्तर ज्यानं त्यानं आपल्या मनाशी द्यायचं. ज्याला गण लिहायचा नाही त्यानं वग लिहावा, ढोलकी शिकावी, माईक आणि लाइट सांभाळावेत. श्रद्धा घरी ठेवून या, असं सांगणं म्हणजे सामावून घेणं नव्हे. आपल्या कार्यक्रमाला येणाऱ्या मित्रालाही हीच सवलत द्यायची. त्यानं डोक्यावर रुमाल बांधला तरच तो आपला, असं नको.

मोमीन कवठेकर एकटे नाहीत. पेशवाईच्या अखेरच्या काळातले नावाजलेले शाहीर सगनभाऊ मुसलमान होते, शिकलगार. त्यांची जेजुरी दौंडच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात. भीमेपलीकडं श्रीगोंद्यात ‘योगसंग्राम’ लिहिणाऱ्या संत शेख महंमदांची समाधी आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळला मस्तानीची कबर आहे. कुणी तिला समाधी म्हणतं, कुणी मजार. दिवसभरात मोटारसायकलवर ही सगळी ठिकाणं होतात. तरी आपल्यापैकी किती जणांनी ती पाहिली आहेत? मराठीत आपलं काय आहे, असं कुणी विचारलं की आपण गप्प बसतो. त्या गप्प बसण्याचाच फायदा घेऊन कुणीतरी आपल्याला बाहेरचे ठरवतं.

आता दौंडकडं येऊ. जंक्शनचं गाव. १८७८ साली मनमाडची लाइन सुरू झाली आणि रेल्वेच्या नोकरीसाठी कुठून कुठून माणसं आली. पण मला यवतबद्दल बोलायचंय. आषाढी वारीत तुकोबारायांच्या पालखीचा मुक्काम यवतला असतो आणि गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतं. हजारो माणसांचं जेवण, म्हणजे हजार हातांचं काम. त्याच यवतमध्ये १ ऑगस्ट २०२५ ला सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरून दगडफेक आणि जाळपोळ झाली. पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला, जमावबंदी लागली.

म्हणजे परंपरा असली की दंगल होत नाही, हे खोटं आहे. एकत्र जेवल्यानं, एकत्र गाणं ऐकल्यानं दगड थांबतात, असं मी सांगणार नाही. दगड थांबवणं कायद्याचं आणि पोलिसांचं काम आहे, ते त्यांच्याकडून मागून घ्यायचं. मग कला आणि गोष्टी कशासाठी? मी रोज ज्या धंद्यात आहे तिथलं सांगतो. मेसेज सेकंदात दोन हजार फोनवर पोचतो. ‘हे खोटं आहे’ सांगणारा मेसेजही तेवढ्याच वेगानं पोचतो, पण त्याच्यावर विश्वास कुणी ठेवायचा? माणूस ओळखीच्या आवाजावर विश्वास ठेवतो. ज्याच्यासोबत जत्रेत रात्रभर मांडव घातला, पिठल्याचं पातेलं उचललं, तालीम केली, त्याचा फोन माणूस उचलतो. ईद मिलनच्या फोटोतून असा नंबर मिळत नाही. एकत्र काम केल्यावर तो आपोआप फोनमध्ये येतो.

म्हणून तीन गोष्टी सांगतो.

पहिली, गावात जे सगळ्यांचं आहे त्यात एक काम मागून घ्या. जत्रा, शाळेचं गॅदरिंग, पालखीचं जेवण, व्याख्यानमाला. खुर्ची मागू नका, काम मागा. कुणी ‘नको’ म्हटलं तर पुढच्या वर्षी परत विचारा.

दुसरी, आपल्या कार्यक्रमातही कामं वाटा. मित्राला फक्त जेवायला बोलावू नका. त्याला आदल्या दिवशी बोलवा, शेवया निवडायला बसवा, सूत्रसंचालन त्याच्याकडं द्या. आणि आपल्या बहिणींना पडद्यामागच्या कामावर न ठेवता माईक द्या.

तिसरी गोष्ट म्हणजे मी म्हणालो होतो ते काम. आपल्या गावांत मोहरमची गाणी, कव्वाल्या, जात्यावरच्या ओव्या, वगाचे संवाद अजून काही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. ती हिंदूही आहेत, मुसलमानही. बऱ्याच जणांच्या वह्यासुद्धा नाहीत. तुमच्या सगळ्यांच्या खिशात रेकॉर्डर आहे. दादीच्या, आजोबांच्या, शेजारच्या काकूंच्या समोर बसा. आधी परवानगी घ्या. पंखा आणि टीव्ही बंद करा. सुरुवातीलाच त्यांच्याच आवाजात नाव, गाव आणि तारीख घ्या, नाहीतर पाच वर्षांनी फाइल कुणाची ते कळणार नाही. ‘हे तुम्ही कुणाकडून शिकलात?’ हा प्रश्न चुकवू नका. या प्रश्नाच्या उत्तरात हमखास दुसऱ्या जातीचं, दुसऱ्या धर्माचं एखादं नाव निघेल. फाइल दोन ठिकाणी ठेवा आणि गाणं मराठीत लिहून काढा.

जुने शाहीर लावणीच्या शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफत. त्यामुळे दोनशे वर्षांनीही आपल्याला सगनभाऊ माहीत आहेत. ज्यांना नाव गुंफता आलं नाही, त्यांचं नाव लिहून ठेवणं आपल्याकडं आलंय.

फाइल जुळवायची, नावं लावायची आणि साठवायची पद्धत मी शिकवीन, त्यासाठी कोडिंग यावं लागत नाही. शिरूरच्या मुलांनी कवठे येमाईपासून सुरुवात करावी, दौंडच्या मुलांनी यवतपासून. आणि जाताना एक मित्र सोबत न्या, ज्याचं आडनाव तुमच्यासारखं नाही.