बियांचा उपचार: आधी जागा बघतात

आजचा विषय घरातल्या आबा-आप्पांचा. पण त्यांचे रिपोर्ट व्हॉट्सॲपवर तुम्हीच पाठवता, म्हणून तुमच्याशी बोलतोय.

प्रोस्टेटचा कॅन्सर ग्रंथीतच असेल, फार आक्रमक नसेल, तर एक उपाय म्हणजे सीड ब्रॅकीथेरपी. तांदळाच्या दाण्याहून बारीक, आयोडीन-१२५ च्या बिया सुयांमधून ग्रंथीत कायमच्या ठेवतात. दर ६० दिवसांनी त्यांचा जोर निम्मा होतो. जळगाव-धुळ्याचा माणूस त्यासाठी मुंबई गाठतो आणि ऐकतो, "तुम्हाला हे जमणार नाही." घरचे घाबरतात, आजार वाढला की काय! तसंच असेल असं नाही. अडचण शरीराच्या ठेवणीची असू शकते.

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर प्रोस्टेटची तीन मापं असतात. सेंटिमीटरमध्ये ती एकमेकांना गुणा, मग ०.५२ ने गुणा. ५ × ४.५ × ४ असेल तर साधारण ४७ सीसी. ५०-६० च्या पुढे डॉक्टर विचारात पडतात. कारण सुया अंडकोष आणि गुदद्वाराच्या मधल्या जागेतून सरळ आत जातात, आणि समोर जांघेच्या हाडाची कमान असते. मोठ्या ग्रंथीचा पुढचा भाग त्या कमानीमागे दडतो, सुई हाडाला अडते. कमानच अरुंद असेल तर लहान ग्रंथीलाही हाच घोळ. म्हणून शेजारच्या काकांच्या आकड्याशी तुलना करू नका. पाय आणखी वर घेऊन कधी वाट मिळते. कधी काही महिने हार्मोनची औषधं देऊन ग्रंथी आकसवतात.

आता घरात हमखास विसरलं जातं ते. आबांचं कधीकाळी "दुर्बिणीतून लघवीचं ऑपरेशन" झालंय का? त्यात प्रोस्टेट आतून खरवडतात, मध्ये पोकळी राहते. पोकळी मोठी असेल तर बिया धरायला मांस कमी पडतं, आणि नंतर लघवीवरचा ताबा जाण्याची भीती वाढते.

लघवीची धार आधीच बारीक असेल, किंवा ग्रंथीचा मधला भाग मूत्राशयात घुसला असेल, तर बिया टाकल्यावर सूज येऊन लघवी तुंबू शकते. साक्रीकडच्या गावात रात्री दोन वाजता नळी घालायला कोण येणार? हे मुंबईच्या डॉक्टरांना आधीच विचारा.

जुनं डिस्चार्ज कार्ड सापडलं नाही तर निदान साल सांगा. बाहेरून रेडिएशन, ऑपरेशन हे रस्ते तरीही असतातच.