पगाराचा कागद



आज आपण पगाराबद्दल बोलू. तुमच्यापैकी कुणी कोल्हापूरच्या उद्यमनगरात कामाला जाते, कुणी साखर कारखान्यात. महिना भरला की पैसे मिळतात. पण ते किती आणि कसे ठरले, हे किती जण पाहतात?

पूर्वी गावात पगार नव्हता. सुतार, लोहार, कुंभार वर्षभर राबत आणि सुगीला खळ्यावर बलुते घेत. पदरात किती धान्य पडेल ते देणाऱ्याच्या मनावर. गावचे दप्तरही वतनाचे. बापामागे मुलगा कुलकर्णी व्हायचा. शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतन बंद केले आणि पगारी तलाठी नेमले. मोठाच बदल तो!

त्याआधी १९०६ साली महाराजांनी कोल्हापुरात कापडाची गिरणी काढली होती. तीच शाहू मिल. आता ती बंद आहे. अशा गिरण्यांमुळे शेतावरचा माणूस भोंग्यावर कामाला जाऊ लागला. भोंगा आला, त्याबरोबर हजेरी आली. हजेरीवरून पगारपत्रक होऊ लागले.

पगार वेळेवर द्यावा, असा कायदा इंग्रजी मुलखात १९३६ साली झाला. आता २०१९ ची वेतन संहिता आहे. ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळाला पाहिजे. सगळी कपात मिळून पगाराच्या निम्म्याहून जास्त होता कामा नये.

आता कागद वाचू. समजा, फौंड्रीत रोज ५५० रुपये. दिवस भरले २४. पगार झाला १३,२०० रुपये. फंडाचे शेकडा १२, म्हणजे १,५८४ रुपये गेले. कामगार विम्याचे ९९ गेले. हातात राहिले ११,५१७.

फंडाचा पैसा बुडाला असे समजू नका. तो तुमचाच आहे. मालकानेही तेवढीच भर घालायची असते. विम्यातून आजारपणात औषधपाणी होते. पण कापलेला पैसा तुमच्या नावावर भरला का, तेही पाहा बरे. कागदावर कापायचा आणि भरायचाच नाही, असेही घडते.

खरा घोटाळा होतो तो उचलीत. लग्न असते, दवाखाना असतो, आपण उचल घेतो. घेतले दोन हजार आणि वहीत निघाले तीन, तर काय करणार? वही मालकाची. म्हणून घरात एक छोटी वही ठेवा. कामावर गेलेला दिवस लिहा, जादा थांबलेले तास लिहा, घेतलेली उचल लिहा. कारखान्यात जादा तासांना दुप्पट दर असतो. आता लिहिता येते, तर हे लिहिलेच पाहिजे. बायाबापड्यांनीही लिहावे. बाईची मजुरी मुकादम थोपवून धरतो, हे काही नवे नाही.

आता पुष्कळ ठिकाणी पगार बँकेत जमा होतो. तरी पगारचिठ्ठी मागून घ्या. दिवस, दर, कपात आणि हातचे पैसे आपल्या वहीशी ताडून पाहा. कोऱ्या कागदावर सही करू नका, अंगठाही देऊ नका.

मुकादम म्हणेल, "मागं रांग हाय, लौकर सही कर."

तुम्ही म्हणा, "वाचतो, मग करतो."