गुणदानाचा अखत्यार

(मराठवाड्यातील महाविद्यालयीन अध्यापकांच्या वार्षिक अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण, छत्रपती संभाजीनगर)



नवे शैक्षणिक धोरण, श्रेयांक पद्धती, रिक्त पदांचा अनुशेष आणि संशोधनाची अवस्था या चारही विषयांचा अध्यक्षाने आढावा घ्यावा, अशी कार्यकारिणीची सूचना होती. परंतु त्या विषयांवर उद्या निबंध वाचले जाणार आहेत आणि त्यांचे लेखक माझ्याहून अधिक व्यासंगी आहेत. म्हणून तो आढावा त्यांच्या हवाली करून, कित्येक वर्षे मनात सलत असलेली एकच गोष्ट आज बोलावी असे मी ठरविले आहे. ती अशी की, करोनाच्या साथीत आणि पुढे महाविद्यालयांचे दरवाजे उघडताना, विद्यार्थ्यांना गुण कोणत्या रीतीने द्यावेत याचा निर्णय सर्वांनी केला. ज्यांनी त्यांना शिकविले, त्यांना मात्र कोणी विचारले नाही.

घटनाक्रम आपणांस ठाऊक आहे, तरीही तो एकदा सलग उच्चारला पाहिजे. 29 एप्रिल 2020 रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाची मार्गदर्शक तत्त्वे आली. मे महिन्यात राज्याच्या उच्चशिक्षणमंत्र्यांनी अंतिम वर्षाची परीक्षा रद्द करावी म्हणून आयोगास पत्र लिहिले, आणि कुलपती या नात्याने राज्यपालांनी त्यास हरकत घेतली. जूनमध्ये राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने परीक्षा न घेण्याचा ठराव केला. 6 जुलै रोजी आयोगाने सप्टेंबरअखेर ती घ्यावीच असे फर्माविले. आणि 28 ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने, परीक्षेवाचून राज्याला विद्यार्थ्यांस पदवीप्रत नेता येणार नाही, फार तर आपत्तीच्या कारणाने आयोगाकडे मुदत वाढवून मागता येईल, असा निवाडा दिला. मग ऑक्टोबरात बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षा उरकण्यात आल्या. मंत्रालय, राजभवन, दिल्लीचा आयोग, सर्वोच्च न्यायालय आणि शेवटी परीक्षेची संगणकप्रणाली पुरविणारा ठेकेदार, या पाच दारांतून हा मामला फिरला; पण ज्या एका दाराची कडी कोणीही वाजविली नाही ते अभ्यासमंडळाचे होते.

आपत्ती मोठी होती, माणसे मरत होती, अशा वेळी सभा भरवून चर्चा करीत बसणे शक्य नव्हते, असे माझे काही सहकारी म्हणतात. त्या दिवसांचे गांभीर्य मी कमी लेखीत नाही. आमच्यातलेही कित्येक अध्यापक गेले, आणि तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या तरुणांच्या घरी तर महाविद्यालय बंद म्हणून मानधनही बंद, अशी दुहेरी आपत्ती होती. परंतु ज्या काळात प्रवेशाच्या, अनुदानाच्या आणि तपशील मागविणाऱ्या सभा दूरदृश्य प्रणालीवर रोज होत होत्या, त्याच काळात एका विषयाच्या दहाबारा अध्यापकांना एकत्र आणून 'तुमच्या विद्यार्थ्यांना गुण कसे द्यावेत' एवढा प्रश्न विचारणे अशक्य होते, हे म्हणणे मला मान्य नाही.

दुसरा वाद असा आहे. एक पक्ष म्हणतो, मधल्या वर्षांच्या विद्यार्थ्यांना पूर्वीच्या सत्राच्या आधारे गुण दिले ही दया होती. दुसरा पक्ष म्हणतो, त्या दयेने पदवीचे मोल घसरले. आयोगाचे सूत्र आपणांस आठवत असेल: निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, निम्मे मागील सत्राचे. या वादात मी कोणत्याच पक्षाचा नाही, आणि त्याचे कारण एक विद्यार्थिनी आहे.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझी उभी हयात मराठी शिकविण्यात गेली. त्या मुलखात दिवाळी उलटली की गावे ओस पडतात. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून ऊसतोडीसाठी पश्चिमेकडच्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. 2019च्या दिवाळीनंतर द्वितीय वर्षाच्या माझ्या एका विद्यार्थिनीची आई अंथरुणाला खिळली, उचल तर घेऊन खर्चलेली, म्हणून आईच्या जागी ही मुलगी वडिलांबरोबर फडात उतरली. तिसऱ्या सत्राची परीक्षा तिने रात्रीच्या एसटीने येऊन दिली आणि दुसऱ्याच दिवशी परत गेली. निकाल जो लागायचा तो लागला. जानेवारीत आई उठून बसली, मुलगी वर्गात परतली, आणि मग टाळेबंदीपर्यंत तिने जे काम केले तसे काम मी फार थोड्या विद्यार्थ्यांकडून पाहिले आहे. महदंबेच्या धवळ्यांवर तिने निबंध लिहिला होता. गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या खेळात ती गीते रचली गेली, हे तर ग्रंथात सापडते; पण फडावरच्या कोप्यांत लग्न लागते तेव्हा बायका नवरीचे नाव घालून जागच्या जागी कडवी कशी जुळवितात, कोणती बाई सुरुवात करते, कोणती अडते आणि मागची कोण सावरून घेते, हे तिने शेजारी मांडले होते, आणि त्या मांडणीतून आद्य मराठी कवयित्रीची रचना एकाएकी सजीव झाली होती. रेघी कागद, शाईचे डाग, समासात मी केलेल्या खुणा: तो निबंध अजून माझ्या दफ्तरात आहे.

मार्चअखेरची अंतर्गत चाचणी झालीच नाही. महाविद्यालयांनी अंतर्गत गुण सरसकट सारखे लावले, आणि उरलेल्या निम्म्या गुणांसाठी तिचे तिसरे सत्र, म्हणजे तिच्या आयुष्यातले सर्वांत दुर्दैवी दोन महिने, प्रमाण मानले गेले. ज्यांना त्या सूत्रात दया दिसते त्यांनी सांगावे, ही कोणावरची दया? आणि ज्यांना त्यामुळे पदवीचे मोल घसरलेले दिसते त्यांनीही सांगावे, या मुलीच्या गुणपत्रिकेत कोणते मोल वाढले? ऊसतोडीचा हंगाम आणि हिवाळी सत्र हे एकाच वेळी चालतात, म्हणून मराठवाड्यात मागील सत्राचा आधार घेणे म्हणजे सर्वांत गरीब विद्यार्थ्याच्या सर्वांत वाईट काळाचा आधार घेणे, हे बीडच्या, अंबडच्या, परंड्याच्या कोणत्याही अध्यापकाने एका वाक्यात सांगितले असते. मी कैफियत लिहून पाठविली, निबंधाची नक्कल जोडली. 'परिपत्रकात तशी तरतूद नाही' असे उत्तर आले. ज्या कार्यालयातून ते आले त्याचे नाव मी घेत नाही, कारण परिपत्रक त्यांनीही लिहिलेले नव्हते.

अध्यापकाच्या हाती गुण दिले तर पक्षपात होईल, हा यावरचा नेहमीचा आक्षेप. पक्षपात होतो, हे मी नाकारीत नाही. पण त्यावरचा उपायही आमच्याच व्यवसायाने पूर्वी शोधून ठेवलेला आहे. मी प्रथम परीक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा आमचे मुख्य परीक्षक उत्तरपत्रिकांचे गठ्ठे फोडण्याआधी एकच उत्तरपत्रिका सर्वांना वाचावयास देत, प्रत्येकाने दिलेले गुण फळ्यावर लिहीत, आणि ज्याचे गुण सर्वांत जास्त व ज्याचे सर्वांत कमी, त्या दोघांना उभे करून आपापली बाजू मांडावयास सांगत. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत एकही गठ्ठा सुटत नसे. त्या वादावादीत मी परीक्षण शिकलो. पुढे केंद्रीय मूल्यमापन आले, रोज इतक्या उत्तरपत्रिका तपासल्याच पाहिजेत असा हिशेब आला, आणि सकाळची ती सभा कोणी बरखास्त न करताच नाहीशी झाली. महामारीने आमचा अधिकार नेला हे अर्धेच सत्य आहे. तो आधीच पोखरलेला होता.

ऑक्टोबर 2020च्या परीक्षेविषयी मी मोजकेच बोलतो, कारण तिची आठवण मला क्लेश देते. लीळाचरित्राचा कर्ता कोण, एकनाथांची समाधी कोणत्या गावी, असे प्रश्न आणि त्यांखाली चार पर्याय. पैठणपासून बसच्या अंतरावर राहणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्याला, त्याच्या शिक्षणाच्या अखेरच्या घटकेस, समाधीचा हा प्रश्न विचारून आपण त्याच्याविषयी काय जाणून घेतले? प्रश्नांचा नमुना आधी ठरला आणि अध्यापकांनी त्या साच्यात ओतण्यापुरते प्रश्न अल्प मुदतीत पुरवावयाचे होते. मोबाइलची रेंज शोधीत टेकडीवर चढलेल्या मुलांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली, त्यांच्याविषयी सहानुभूतीही व्यक्त झाली. परंतु टेकडीवर चढून त्यांनी जे सोडविले ते सोडविण्याच्या योग्यतेचे होते काय, हा प्रश्न मागेच राहिला.

परदेशांतही सर्वत्र शहाणपण नव्हते. इंग्लंडमध्ये 2020च्या ऑगस्टमध्ये शालान्त परीक्षेच्या श्रेणी एका गणिती सूत्राने ठरविण्यात आल्या. शिक्षकांनी सुचविलेल्या श्रेणींपैकी सुमारे 40 टक्के त्या सूत्राने खाली आणल्या, मुले रस्त्यावर आली, आणि अवघ्या काही दिवसांत, 17 ऑगस्ट रोजी, सरकारला ते सूत्र मागे घेऊन शिक्षकांच्याच अंदाजाकडे परतावे लागले. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अध्यापकसभेने साथीच्या पहिल्याच सत्रात अक्षरश्रेणी स्थगित करून केवळ 'समाधानकारक' किंवा 'श्रेयांक नाही' एवढीच नोंद करावी असा निर्णय घेतला. तो निर्णय बरोबर की चूक, यावर दुमत होऊ शकेल. तो अध्यापकांच्या सभेने घेतला, एवढ्याकडेच मी आपले लक्ष वेधतो.

आपल्याकडे अशी सभा नाही असे मात्र कोणी समजू नये. 2016च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्यापरिषद, अभ्यासमंडळे, परीक्षा व मूल्यमापन मंडळ अशी सारी प्राधिकरणे निर्माण केली आहेत. आणीबाणीत कुलगुरूंनी तातडीचा निर्णय घ्यावा आणि तो नंतर संबंधित प्राधिकरणापुढे ठेवावा, अशीही त्यात तजवीज आहे. निर्णय झाले. ते 'पुढे ठेवणे' कितपत झाले, त्यावर किती सदस्यांनी तोंड उघडले, आणि इतिवृत्तात 'नोंद घेण्यात आली' या तीन शब्दांपलीकडे काय उतरले, हे आपणांपैकी जे त्या प्राधिकरणांवर होते त्यांनी स्वतःला विचारावे. ज्या मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन 23 ऑगस्ट 1958 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, ज्याचे पहिले कुलगुरू डोंगरकेरी यांनी मुंबई विद्यापीठाचा इतिहास लिहिला होता आणि विद्यापीठ म्हणजे काय हे ज्यांना कोणी शिकवावे लागत नव्हते, त्या विद्यापीठाच्या परंपरेस हे मौन शोभत नाही.

आपण मौन बाळगणारी माणसे आहोत असेही नाही. 2013 साली राज्यभरच्या प्राध्यापकांनी आपल्या संघटनेमार्फत परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला, फेब्रुवारीपासून मेपर्यंत तो चालविला, आणि शासनाला आपली दखल घ्यावयास लावली. वेतनाची थकबाकी हा न्याय्य हक्क होता आणि तो लढा मी योग्यच मानतो. परंतु ज्या संघटनेला थकबाकीसाठी परीक्षा अडविता आली, तिला 2020 साली परीक्षेच्या स्वरूपासाठी एक ठरावही करता येऊ नये, याचे मला अपार दुःख आहे.

महाविद्यालये उघडली तेव्हाही हेच घडले. 15 फेब्रुवारी 2021 रोजी निम्म्या हजेरीने उघडली, दुसऱ्या लाटेने बंद पडली, 20 ऑक्टोबर रोजी दोन लसमात्रांच्या अटीवर पुन्हा उघडली, जानेवारीत ओमायक्रॉनने पुन्हा मिटली. प्रत्येक वेळी आम्ही दारात उभे राहून लसीचे दाखले तपासले, बाकांमधली अंतरे मोजली, अहवाल धाडले. समोर बसलेल्या मुलाने दोन वर्षांत तीन तासांची एकही उत्तरपत्रिका लिहिलेली नाही, त्याची लेखणी आता पानभरही चालत नाही, त्याला त्या सवयीत कसे परत आणावे, आणि तोवर त्याचे गुण कोणत्या मापाने मोजावेत, हे ठरविण्यासाठी कोणी आम्हांस बोलाविले नाही. 2022च्या उन्हाळ्यात लेखी परीक्षा जाहीर होताच मुले विरोधात उभी राहिली. तेव्हा त्यांना आळशी म्हणणाऱ्यांत आमचेच काही सहकारी होते. ती मुले आळशी नव्हती. त्यांना कोणी लिहावयास लावले नव्हते.

काय करावे, याची पूर्ण योजना मी आज मांडीत नाही; वेळही नाही आणि ते एकट्याचे कामही नव्हे. आपत्तीच्या काळातील गुणदानाविषयी अध्यापकांनीच एक नियमावलीचा मसुदा तयार करावा, त्यात हंगामी स्थलांतर करणाऱ्या विद्यार्थ्यांचा स्वतंत्र विचार असावा, अंतर्गत मूल्यमापनाचे कागद जपून ठेवण्याची सक्ती असावी, आणि परीक्षणापूर्वीची परीक्षकांची सभा पुन्हा सुरू व्हावी, एवढ्या चार गोष्टी मी या अधिवेशनाच्या पदरात टाकतो. पुढची साथ येईल, दुष्काळ येईल, पूर येईल. परिपत्रक तेव्हाही येईल, आणि ते येईल त्या दिवशी आपल्या हातात आपला मसुदा असला पाहिजे.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे. येथून परत गेल्यावर आपापल्या अभ्यासमंडळाच्या अध्यक्षांना लेखी पत्र द्या, पुढील परीक्षेपूर्वी सभा मागवा, गुणदानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर पहिला ठेवा, आणि त्या सभेत आपण जे बोलाल ते आपल्या नावासह इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.