चार थेंब पाण्याचे
(सूरजागड येथील बैठकीत केलेले भाषण)



चंद्रपूरला एका ख्रिस्ती मित्राच्या अंत्यविधीला गेलो होतो. फादरांनी शवपेटीवर पवित्र पाणी शिंपडलं, चार थेंब माझ्या बाहीवर पडले. परतताना एका नातलगाने विचारलं, "आता वुजू पुन्हा करशील ना?" मी म्हटलं, "पाण्याने वुजू तुटतो का?" पण प्रश्न सलत राहिला, म्हणून फादरांनाच विचारलं.

ते म्हणाले, या पाण्यात जादू नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जे आयुष्य सुरू झालं, त्याची शेवटच्या निरोपातली ही आठवण. चर्चच्या दारात बोटं बुडवून क्रूसाची खूण करतात, तीही हीच आठवण. २०२० च्या साथीत दारातली ती भांडी ठिकठिकाणी रिकामी ठेवावी लागली, श्रद्धा मात्र आटली नाही.

माझ्या आईच्या ओठांना शेवटी झमझम लावलं, तेव्हा मी तरी वेगळं काय मागत होतो?

इथे डोंगरावर ठाकूरदेव आहे. माडिया बांधव जानेवारीत यात्रेला येतात. त्याच डोंगराच्या पायथ्याचे शेतकरी सांगतात, पावसाळ्यात खाणीकडचं लाल पाणी धानात शिरतं. वुजू असो, बाप्तिस्मा असो, ठाकूरदेवाची पूजा असो, आधी पाणी स्वच्छ हवं. कोणाचं पाणी पवित्र, यावर भांडण्यापेक्षा सगळ्यांचा ओढा निर्मळ राहावा म्हणून ग्रामसभेच्या मागे उभे राहू या.