विद्यापीठातील संशोधनाचे संवर्धन : जयपूरचे उदाहरण

संशोधनाचे व्यवस्थापन हा शब्दप्रयोग आता विद्यापीठांच्या कामकाजात रूढ झाला आहे. कार्यालयाचे किंवा परीक्षांचे व्यवस्थापन कशाला म्हणावयाचे हे सर्वांस ठाऊक असते. संशोधनाच्या बाबतीत मात्र अडचण अशी की, त्याचे फळ केव्हा व कोणत्या रूपात हाती येईल, हे ते करणाऱ्यालाही आधी सांगता येत नाही. अर्थसंकल्प एका वर्षाचा असतो, कुलगुरूंची मुदत तीन किंवा पाच वर्षांची असते, आणि एखाद्या विभागात संशोधनाची परंपरा रुजावयास वीस-पंचवीस वर्षे लागतात. या तिन्ही कालमानांचा मेळ कसा घालावयाचा, हा सार्वजनिक विद्यापीठापुढील खरा प्रश्न होय. त्याचा विचार सामान्य सिद्धांतांवरून करण्यापेक्षा एखाद्या ठिकाणच्या अनुभवावरून करणे अधिक उपयुक्त ठरते, आणि त्या दृष्टीने जयपूरचा अनुभव पाहण्याजोगा आहे.

जयपुरात संशोधन विद्यापीठाच्या स्थापनेच्या फार पूर्वीपासून होत आले आहे. सवाई जयसिंह यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा व वाराणसी येथे वेधशाळा उभारल्या. जयपूरचे सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच असून त्याच्या छायेवरून दोन सेकंदांपर्यंत सूक्ष्म कालमापन करता येते. परंतु दगडचुन्याची यंत्रे हा या उद्योगाचा केवळ एक भाग होता. जयसिंहांच्या आश्रयास असलेले जगन्नाथ सम्राट हे परंपरेनुसार महाराष्ट्रीय पंडित. त्यांनी युक्लिडची भूमिती व टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणला. जेझुइट पाद्र्यांसह एक मंडळ पोर्तुगालला पाठविण्यात आले. युरोपातून मिळालेली कोष्टके येथील वेधांशी ताडून पाहण्यात आली आणि त्यांतील तफावत नोंदवून ठेवण्यात आली. ग्रंथ, उपकरणे, भाषांतरकार आणि परदेशातील विद्वानांशी संपर्क, म्हणजे आज संशोधनसंस्थेस जे जे लागते असे आपण म्हणतो, ते सारे तेथे होते. १७४३ साली जयसिंह निवर्तले. वारसाहक्काचा कलह पेटला, त्यात मराठ्यांच्या फौजाही उतरल्या, आणि वेधकार्याचा पूर्वीचा जोम पुन्हा कधी आला नाही. १९०१-०२ साली लेफ्टनंट गॅरेट यांच्या देखरेखीखाली वेधशाळेचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा त्यांच्या साह्यास एक तरुण पंडित होते, ते म्हणजे पुढे हिंदी कथाकार म्हणून प्रसिद्धी पावलेले चंद्रधर शर्मा गुलेरी. यंत्रे दुरुस्त होऊ शकली; परंतु त्यांवर रोज रात्री वेध घेणारी आणि शिष्यांना तो शिकविणारी परंपरा दुरुस्तीने परत येण्यासारखी नव्हती.

विद्यापीठाची स्थापना ८ जानेवारी १९४७ रोजी झाली. तेव्हा राजस्थान नावाचे राज्य अस्तित्वातही नव्हते, त्यामुळे त्याचे नाव राजपुताना विद्यापीठ असे होते. आजचे नाव १९५६ साली आले. तोवर या संस्थानांतील महाविद्यालये आग्रा विद्यापीठाशी जोडलेली होती. पहिले कुलगुरू म्हणून रँग्लर गणेश सखाराम महाजनी यांची निवड झाली. साताऱ्याचे महाजनी हे केंब्रिजला गेलेले गणिती. लोहचुंबकीय स्फटिकांच्या सिद्धांतावर त्यांनी मूलभूत काम केले होते आणि फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले होते. पुढे दिल्ली, उदयपूर आणि पुणे या विद्यापीठांचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले. संशोधक म्हणून तयार झालेल्या माणसाच्या आयुष्यातील एवढी वर्षे प्रशासनात जावीत, याची हळहळ वाटते. पण त्या काळी दुसरा मार्ग तरी कोणता होता? (जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मराठीत या पदास 'कुलगुरू' म्हणण्याचा प्रघात जुना आहे. राजस्थानात मात्र 'कुलपती' म्हणत, आणि तेथील विधानसभेने 'कुलगुरू' हे नाव २०२५ साली स्वीकारले.)

आरंभीचे हे विद्यापीठ मुख्यतः संलग्नता देणारे व परीक्षा घेणारे होते, आणि या प्रकारच्या संस्थेची एक अंतर्गत ओढ असते ती समजून घेतली पाहिजे. परीक्षा ठरलेल्या दिवशी घ्यावीच लागते. निकाल लांबला तर वर्तमानपत्रांत ओरड होते, मोर्चे निघतात, विधानसभेत प्रश्न विचारले जातात. याउलट एखादे संशोधन दोन वर्षे रखडले, तर ते करणाऱ्यावाचून कोणाच्याही ध्यानात येत नाही. त्यातच परीक्षाशुल्क हा विद्यापीठाच्या उत्पन्नाचा मोठा स्रोत असतो. त्यामुळे अधिकाऱ्यांचे लक्ष, लेखनिकांचा वेळ आणि प्राध्यापकांची सुट्टी हे सारे परीक्षांकडे आपोआप वाहत जाते. त्यासाठी कोणाच्या मनात संशोधनाविषयी अनास्था असावी लागत नाही. संशोधनाच्या व्यवस्थापनाचा पहिला भाग म्हणजे या प्रवाहाला कोठेतरी बांध घालणे होय.

जयपुरात तो बांध घातला गेला १९६० नंतर. डॉ. मोहनसिंह मेहता त्या वर्षी कुलगुरू झाले व १९६६ पर्यंत त्या पदावर राहिले. ते मूळचे उदयपूरचे. तेथे १९३१ साली त्यांनी विद्याभवन ही शाळा काढली होती, आणि पुढे नेदरलँड्स, पाकिस्तान व स्वित्झर्लंड येथे भारताचे प्रतिनिधित्व केले होते. त्यांच्या काळातील एक घटना विद्यापीठाच्या पथ्यावर पडली: १९६२ साली जोधपूर व उदयपूर येथे स्वतंत्र विद्यापीठे निघाली व जयपूरवरील भार काहीसा हलका झाला. परंतु मुख्य गोष्ट होती ती माणसांच्या निवडीची. मेहतांनी निरनिराळ्या प्रांतांतून विद्वान बोलावले. तत्त्वज्ञानात दयाकृष्ण, इतिहासात सतीशचंद्र व गोविंदचंद्र पांडे, अर्थशास्त्रात राजकृष्ण अशी नावे एका प्रांतीय विद्यापीठाच्या पटावर आली. १९६३ साली दक्षिण आशिया अध्ययन केंद्र सुरू झाले. शेजारी देशांच्या राजकारणाचा पद्धतशीर अभ्यास ही त्या वेळी आपल्याकडे नवीनच गोष्ट होती.

बाहेरून माणसे आणणे हे सांगावयास सोपे, करावयास कठीण. स्थानिक उमेदवारांचा रोष पत्करावा लागतो, निवडसमितीवर योग्य तज्ज्ञ आणावे लागतात, आणि आलेल्या माणसाला घर, ग्रंथ व मोकळीक द्यावी लागते. ही मोकळीक म्हणजे काय, ते दयाकृष्णांच्या उदाहरणावरून दिसते. ते जयपुरात आले आणि जयपूरचेच झाले. २००७ साली त्यांचे निधन होईपर्यंत त्या नगराशी त्यांचा संबंध राहिला. त्यांच्या कार्यातील एका प्रकरणाचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. भारतात तत्त्वज्ञान शिकविणारे प्राध्यापक इंग्रजीत विचार करतात आणि न्याय, मीमांसा जाणणारे शास्त्री संस्कृतात. दोघे एकाच देशात राहून परस्परांशी बोलत नाहीत, ही गोष्ट दयाकृष्णांना बोचत होती. १९८३ च्या जुलैमध्ये पुण्यात या दोन्ही वर्गांना समोरासमोर बसविण्यात आले. पुढे मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झालेले मे. पुं. रेगे यांचा या उपक्रमात मोठा वाटा होता. चर्चेसाठी बर्ट्रंड रसेलची 'प्रपोझिशन'विषयीची, म्हणजे विधानार्थाविषयीची, कल्पना घेण्यात आली व ती संस्कृतात मांडून पंडितांपुढे ठेवण्यात आली. कोणाच्याही ज्ञानावर अवलंबून नसलेला असा विधानार्थ असू शकतो काय? नैयायिकांच्या पद्धतीत विचार ज्ञानापासूनच सुरू होतो; तेव्हा हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने साधा नव्हता, आणि त्यांच्या उत्तरांनी प्राध्यापकांनाही आपली गृहीते पुन्हा तपासावी लागली. या संवादावरील ग्रंथ १९९१ साली 'संवाद' या नावाने प्रसिद्ध झाला. त्याचे संपादक चार: दयाकृष्ण, रेगे, रा. चं. द्विवेदी व मुकुंद लाठ. रेगे सोडले तर तिघेही जयपूर विद्यापीठाचे. एक तत्त्वज्ञानाचा, एक संस्कृतचा, एक इतिहासाचा.

मुकुंद लाठ यांचे नाव मराठी वाचकाने आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावे. विनांद कॅलेवार्ट या बेल्जियन अभ्यासकाच्या सहकार्याने त्यांनी नामदेवांच्या हिंदी पदांचे संशोधित संपादन केले. ते १९८९ साली प्रकाशित झाले. राजस्थानात शतकानुशतके जपलेल्या हस्तलिखितांचा त्यास आधार होता. नामदेवांची वाणी पंढरपूरपासून इतक्या दूर कशी पोचली व टिकली, हे जाणण्यासाठी मराठी अभ्यासकालाही जयपूरकडे वळावे लागते.

या दोन्ही कामांना प्रयोगशाळा लागली नाही, यंत्रे लागली नाहीत. लागला तो काळ: पत्रव्यवहाराचा, भाषांतराचा, पाठ ताडून पाहण्याचा. आणि निवृत्तीचे वय येईपर्यंत एकाच ठिकाणी टिकलेली माणसे लागली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीसाठी जी गुणांक-पद्धती आणली, तिच्या हिशेबात अशा दीर्घ संवादाचे मोल एखाद्या संपादित ग्रंथाइतकेच भरले असते. चार छोटे निबंध लिहिणारा त्याहून सरस ठरला असता. निबंधांची संख्या मोजू लागले की निबंध वाढतात, ते छापणारी नियतकालिकेही वाढतात. पुढे आयोगालाच मान्य नियतकालिकांची यादी करावी लागली, आणि २०२२ च्या नियमांत पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापलाच पाहिजे ही सक्ती काढून टाकावी लागली. मोजमाप नको असे नव्हे. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागितला जाणारच. परंतु जे सहज मोजता येते तेच महत्त्वाचे मानण्याची सवय एकदा जडली, की संस्थेला ती सहजासहजी सुटत नाही.

विज्ञानशाखांचे गणित निराळे आहे. तेथे उपकरणांवाचून पाऊल पुढे पडत नाही, आणि राज्य विद्यापीठाला मोठे उपकरण घेणे व सांभाळणे दोन्ही जड जाते. या अडचणीतून जयपूरच्या भौतिकी विभागाने काढलेला मार्ग अभ्यासण्याजोगा आहे. अणुकेंद्रांच्या प्रचंड ऊर्जेच्या टकरींत किती फोटॉन बाहेर पडतात, हे मोजणारा एक शोधक बनविण्याचे काम कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन केंद्राबरोबर भुवनेश्वर, चंडीगढ, जम्मू व जयपूर येथील गटांनी अंगावर घेतले. त्याची रचना कल्पनेस सोपी आहे: शिशाच्या जाड पत्र्यावर फोटॉन आदळला की त्यातून विद्युत्कणांचा फवारा उडतो, आणि पत्र्यामागे असलेल्या मधाच्या पोळ्यासारख्या, वायूने भरलेल्या घरांत त्याची खूण उमटते. अशा प्रकारचे शोधक जिनीव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेत व अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे बसविले गेले, आणि सर्नमधील 'ॲलिस' या महाप्रयोगातही भारतीय शोधकाला स्थान मिळाले. एकट्या जयपूरला यातील काहीही साधले नसते. पण मोठ्या कामातील एक नेमका भाग स्वीकारून तो दशकानुदशके निभावल्यामुळे, परीक्षांच्या धबडग्यात वावरणाऱ्या विद्यापीठातील विद्यार्थी जगातील अग्रगण्य प्रयोगात सहभागी होऊ शकले. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानानेही समृद्ध संस्थेभोवती इतर विद्यापीठांना जोडण्याची योजना आखली आहे. ती फलदायी व्हावयाची, तर लहान भागीदाराकडे केवळ शोभेचे काम येता कामा नये. एक संपूर्ण जबाबदारी आली पाहिजे.

आता पैशाविषयी थोडेसे. तो अपुरा आहे हे उघड आहे: संशोधनावरील आपल्या देशाचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या एका टक्क्याहूनही कमी आहे. परंतु मिळालेला पैसा खर्च कसा होतो, हेही पाहिले पाहिजे. अनुदान वर्षाच्या उत्तरार्धात पोचते व ३१ मार्चपूर्वी संपवावे लागते. खरेदी सर्वांत कमी दराच्या निविदेनुसार होते. उपकरण येते, पण त्याच्या देखभालीची तरतूद नसते. पंचवार्षिक योजनांच्या काळात आणखी एक पेच होता. आयोग नवीन पद योजनेच्या मुदतीपुरते मंजूर करी व त्यानंतर त्याचा भार राज्याने उचलावा अशी अट घाली. राज्याने हमी दिली नाही तर पद भरलेच जात नसे.

पदांचा हा प्रश्न आज सर्वांत बिकट झाला आहे. निती आयोगाने २०२५ साली राज्य विद्यापीठांवर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यानुसार देशातील उच्च शिक्षण घेणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक विद्यार्थी या विद्यापीठांच्या छत्राखाली आहेत, आणि त्यांतील अध्यापकांची ४० टक्क्यांहून अधिक पदे रिक्त आहेत. संशोधनावर याचा परिणाम कसा होतो, हे एका नियमावरून ध्यानात येईल. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा व साहाय्यक प्राध्यापकाला चार पीएच.डी.चे विद्यार्थी घेता येतात. म्हणजे एक प्राध्यापक निवृत्त झाला व जागा भरली गेली नाही, तर आठ विद्यार्थ्यांचे स्थान नाहीसे होते. त्या आठांतून जे दोघे-तिघे पुढे त्याच विभागात शिकवू लागले असते, ते अन्यत्र जातात. आणि दहा वर्षांनी पदे मंजूर झाली, तरी ती भरण्यास लायक उमेदवार त्या विषयात घडलेलेच नसतात. तात्पुरत्या नेमणुकांवर आलेले अतिथी अध्यापक तासिका घेतात, परंतु त्यांना मार्गदर्शक होता येत नाही, प्रकल्प मागता येत नाही, आणि पुढील वर्षी आपण येथे असू की नाही हेही त्यांना ठाऊक नसते. महाजनी व मेहता यांना प्रत्येकी सहा-सहा वर्षे मिळाली होती. तीन वर्षांसाठी आलेल्या कुलगुरूला पदांची जाहिरात, न्यायालयातील दावे व निवडसमित्या यांतून वाट काढीत पहिली नेमणूक होईपर्यंतच आपली मुदत सरत आलेली दिसते.