नाव विकत घेताना



मी सातवी शिकलेली बाई. पण ठेच लागली, म्हणून बोलते. २०२२ साली आमच्या यांनी अकोल्याचा एक मसाल्याचा धंदा विकत घेऊन अमरावतीस आणला. चक्कीचे पैसे खतात वेगळे लिहिले. मात्र छाप, मसाल्याची कृती आणि नाव यांचे चार लाख ‘नावलौकिक’ म्हणून एकत्रच लिहिले.

वकिलांनी कपाळाला हात लावला. विकत घेतलेल्या छापावर, कृतीवर १९९८ पासून चक्कीसारखाच घसारा धरतात, दरसाल २५ टक्के. वर्षभर वापर असल्यास लाखावर पहिल्या साली २५,०००, दुसऱ्या साली उरलेल्या ७५,००० वर १८,७५०. तेवढ्या नफ्यावर कर नाही. नावलौकिकावरचा घसारा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मान्य केला होता. २०२१ च्या कायद्याने तो बंद झाला. आता धंदा विकू तेव्हाच आमचे चार लाख वजा होतील.

म्हणून बायांनो, सहीपूर्वीच जाणकाराकडून छापाची, कृतीची किंमत ठरवून खतात वेगवेगळी लिहून घ्या. किंमत खरी असावी. फुगवलेली अधिकारी मानीत नाहीत. आणि कागद वाचल्यावाचून पुरुषमंडळींस सही करू देऊ नका.